भूगर्भसंशोधक रॉबर्ट ब्रूस फूट

सोन्याचा लोभ मनुष्यास आजचा नाहीं. सोनें अंगावर घालणारे पुष्कळ, विकणारे पुष्कळ, त्यासाठीं भांडणारे तर त्याहूनही पुष्कळ. परंतु अमुक एका डोंगरांत सोनें आहे किंवा नाहीं हें प्रथम पायीं हिंडून पाहणारा, आणि जें दिसेल तेवढेंच लिहून ठेवणारा मनुष्य मात्र विरळा. खाण सुरू झाल्यावर तिच्या मालकांचीं नांवें सर्वांच्या तोंडीं होतात. तिच्या आधीं पंचवीस-तीस वर्षें ज्यानें काट्याकुट्यांतून ती भूमि तपासली, त्याचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. अशाच एका पुरुषाचें चरित्र आम्ही ह्या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव रॉबर्ट ब्रूस फूट. पंडितांत हें नांव सर्वश्रुत आहे. शाळांतील मुलांस तें ठाऊक व्हावें अशी आमची इच्छा आहे.

आपल्या उस्मानपुऱ्यांत कोणी विहीर खणूं लागला म्हणजे थोड्याच हातांवर काळा पाषाण लागतो. दौलताबादच्या किल्ल्याचा ताशीव कडा ह्याच पाषाणाचा, आणि वेरूळचें कैलास लेणेंही ह्याच पाषाणांत कोरलेलें आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून तप्त रस वाहून आला, थरावर थर सांचले, आणि ते निवून त्यांचा हा खडक झाला. ह्या खडकांत गारगोट्या, अकीक आणि सुंदर स्फटिक सांपडतात. सोनें मात्र सांपडत नाहीं. महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर ही काळी घोंगडी पसरलेली आहे. दक्षिणेस बेळगांव-विजापूरच्या सुमारास ती संपते, आणि तिच्या खालचे अतिप्राचीन खडक उघडे पडतात. त्या उघड्या खडकांच्या प्रदेशांत आमच्या चरित्रनायकाचें सारें आयुष्य गेलें.

रॉबर्ट ब्रूस फूट ह्यांचा जन्म इंग्लंडांतील चेल्टनहॅम ह्या गांवीं २२ सप्टेंबर १८३४ रोजीं झाला. हिंदुस्थानच्या भूगर्भाची शास्त्रीय पाहणी करणारें सरकारी खातें १८५१ सालीं टॉमस ओल्डहॅम ह्यांच्या देखरेखीखालीं स्थापन झालें होतें. १८५८ च्या अखेरीस, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, फूटसाहेब त्या खात्यांत रुजू झाले आणि त्यांची नेमणूक मद्रास इलाख्याकडे झाली. त्या काळीं हें काम म्हणजे कचेरींतील खुर्ची नव्हे. पावसाळा सरला कीं तंबू, होकायंत्र, हातोडी आणि वह्या घेऊन बाहेर पडावयाचें. ओढ्यांच्या पात्रांतून व टेकड्यांच्या अंगावरून चालावयाचें. प्रत्येक ठिकाणचा दगड फोडून पाहावयाचा, थर कोणत्या दिशेस कलले आहेत हें मोजावयाचें, आणि तें नकाशावर रंगानें दाखवावयाचें. उन्हाळा कडक झाला म्हणजे परत येऊन अहवाल लिहावयाचा. असें त्यांनीं तीस वर्षांहून अधिक काळ केलें.

ज्या गोष्टीनें त्यांचें नांव इतिहासांत राहिलें, ती नोकरीच्या पांचव्या वर्षींच घडली. ३० मे १८६३ रोजीं मद्रासजवळ पल्लावरम येथें तांबड्या मुरुमाच्या एका खाणींत त्यांस एक दगड दिसला. दुसऱ्या कोणी तो ओलांडला असता. फूटसाहेबांनीं तो उचलून पाहिला, तेव्हां त्याच्या दोन्ही अंगांनीं मुद्दाम कपचे उडविलेले त्यांस दिसले. ती माणसाच्या हातानें घडविलेली कुऱ्हाड होती. फ्रान्समध्यें अशा दगडी कुऱ्हाडी पुरातन प्राण्यांच्या हाडांबरोबर सांपडल्या असून, मनुष्य समजतों त्याहून फार प्राचीन आहे, हा वाद युरोपांत चारच वर्षांपूर्वीं जोरानें उठला होता. फूटसाहेबांनीं त्यासंबंधीचें लिखाण वाचलेलें होतें, म्हणूनच पाहतांक्षणीं त्यांस त्या दगडाची ओळख पटली. त्याच वर्षीं २८ सप्टेंबर रोजीं आपले सहकारी विल्यम किंग ह्यांच्यासह मद्रासच्या वायव्येस अत्तिरम्पाक्कम येथें त्यांस अशा हत्यारांचा मोठा सांठा मिळाला. हिंदुस्थानांत पाषाणयुगीन मनुष्य होऊन गेला, हें तेथून सिद्ध झालें. त्याच अत्तिरम्पाक्कमच्या खालच्या थरांचें वय अलीकडे शास्त्रीय रीतीनें काढण्यांत आलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनावरून तेथील हत्यारें दहा लाख वर्षांहूनही जुनीं ठरलीं आहेत. आपल्या पैठणाजवळ मुंगी येथेंही, १८६५ सालीं, त्याच खात्यांतील वाइन नांवाच्या अधिकाऱ्यास गोदावरीच्या जुन्या गाळांत अकीक दगडाचें एक पातें सांपडलें. एका माणसाची दृष्टि उघडली म्हणजे इतरांचीही उघडते, ती अशी.

फूटसाहेबांचा मिशन कार्याशीं निकटचा आप्तसंबंध होता, हें येथें सांगितलें पाहिजे. त्यांची प्रथम पत्नी ही रेव्हरंड पीटर पर्सिव्हल ह्यांची कन्या. पर्सिव्हल हे जाफना येथें मिशनरी होते. शाळा चालविणें आणि पवित्र शास्त्राचें तमिळ भाषांतर करणें ह्या कामीं त्यांनीं पुष्कळ वर्षें वेंचिलीं, आणि पुढें मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापन केलें. ही पत्नी अकालीं वारली. दुःखाच्या ह्या काळांतही फूटसाहेबांचें काम अखंड चालूच राहिलें.

आतां ते आपल्या मराठी मुलखाच्या सीमेवर येतात. बेळगांव, धारवाड व त्या वेळचा कलादगी जिल्हा, आणि त्यांत मिसळलेलीं कोल्हापूर, सांगली इत्यादि संस्थानें, ह्या प्रदेशास तेव्हां दक्षिण मराठा प्रांत म्हणत. त्याची पाहणी करून त्यांनीं जो मोठा ग्रंथ लिहिला तो १८७६ सालीं खात्यानें छापला. कलादगीच्या परिसरांतील वालुकाश्मांच्या व चुनखडीच्या थरांस त्यांनीं कलादगी हेंच नांव दिलें, आणि तें आजतागायत चालू आहे. गोकाकजवळच्या एका ओढ्याच्या गाळांत त्यांस गेंड्याचीं अश्मीभूत हाडें सांपडलीं; ज्या माळांवर आज जोंधळा व कापूस पिकतो, तेथें एके काळीं गेंडे चरत होते, हें त्यामुळें कळलें. तो गेंडा आज अस्तित्वांत नसलेल्या एका जातीचा ठरवून तिला त्यांनीं दख्खनचें नांव दिलें.

ह्याच सुमारास त्यांच्याकडे सोन्याचा प्रश्न आला. धारवाड जिल्ह्यांत, गदगच्या दक्षिणेस, डंबळ गांवाजवळ कप्पतगुड्ड नांवाची डोंगरांची ओळ आहे. तिच्या ओढ्यांच्या वाळूंत सोन्याचे कण मिळतात, अशी फार दिवसांची ख्याति होती. आपल्याकडे सोनारांच्या दुकानांतील केर धुऊन सोनें काढणाऱ्यांस झारेकरी म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यांत नदीची वाळू धुणाऱ्यांस सोनझारी म्हणतात. तसेच कप्पतगुड्डाच्या पायथ्याशीं जालगार नांवाचे लोक असत. पाऊस पडून ओढ्यांस पूर येऊन गेला कीं ते ताज्या गाळाच्या जागा हेरीत, वाळू टोपल्यांनीं भरून लाकडी भांड्यांत पाण्यानें घोळवीत, हलकी माती वाहून जाई, आणि शेवटीं काळ्या जड रेतीच्या तळाशीं दोन-चार पिवळे कण चमकत. दिवसभर पाण्यांत उभें राहून पोटापुरती मजुरी सुटली तरी पुष्कळ.

अशा ठिकाणीं अधिकाऱ्यापुढें दोन मोह असतात. एक, अडाणी लोकांच्या गोष्टी म्हणून सारें उडवून लावण्याचा. दुसरा, चमकणारे कण पाहून मोठमोठ्या आशा लिहून टाकण्याचा. फूटसाहेब दोहोंसही बळी पडले नाहींत. त्यांनीं जालगारांस बरोबर घेतलें, त्यांच्याकडून आपल्यासमोर वाळू धुववून घेतली आणि निघालेलें सोनें तोललें. कोणत्या ओढ्यांत अधिक मिळतें, कोणत्यांत कमी, हें पाहिलें. मग ओढ्याच्या उगमाकडे चढत जाऊन तें सोनें कोणत्या खडकांतून सुटून येतें ह्याचा शोध घेतला. पांढऱ्या गारेच्या ज्या शिरा खडकांतून गेलेल्या असतात, त्यांत सोनें असण्याचा संभव असतो. म्हणून अशा कितीतरी शिरा त्यांनीं फोडून पाहिल्या. १८७४ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. वाळूंत सोनें खरोखर आहे. तें हिरवट-काळसर, पापुद्र्यांच्या खडकांच्या पट्ट्यांतूनच येतें. तथापि तपासलेल्या बहुतेक शिरांत डोळ्यांस सोनें दिसलें नाहीं. असें त्याचें सार होतें. सरकारास व सावकारांस जें ऐकावयास आवडलें असतें तें हें नव्हे. पण जें दिसलें तें हेंच होतें.

ह्या साध्या सचोटीचें मोल किती, हें पांच-सहा वर्षांतच जगास दिसलें. निलगिरीजवळच्या वायनाड प्रदेशांत सोनें असल्याची बातमी लंडनच्या बाजारांत पसरली. वायनाडचीही सावध पाहणी विल्यम किंग ह्यांनीं पूर्वींच केली होती. परंतु सावध शब्द ऐकण्याच्या मनःस्थितींत कोणी नव्हतें. १८८० च्या सुमारास तीसांहून अधिक कंपन्या उभ्या राहिल्या, चाळीस लाख पौंडांहून अधिक भांडवल मागविण्यांत आलें, कॉफीच्या मळ्यांच्या किंमती अचाट वाढल्या. यंत्रें आलीं, बंगले बांधले गेले. सोनें मात्र आशेच्या मानानें कांहींच निघालें नाहीं, आणि दोन-तीन वर्षांत सर्व डोलारा कोसळला. विधवांच्या व पेन्शनरांच्या ठेवी अशा वेळीं कशा बुडतात, हें आमच्या पालकवाचकांस आम्हीं सांगावयास नको.

ह्याच्या उलट कोलारची गोष्ट. तेथें १८०२ सालीं जॉन वॉरन नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें ग्रामस्थांकडून माती धुववून सोनें पाहिलें होतें. पाऊणशें वर्षांनीं तेथें कंपनी आली. तिचेंही भांडवल संपत आलें होतें. परंतु प्राचीन लोकांनीं जेथपर्यंत खणलें होतें त्याच्या खालीं खणतां समृद्ध शीर लागली. तेथून सुमारें १२० वर्षांत आठशें टनांच्या आसपास सोनें निघालें. २००१ सालीं ती खाण बंद झाली, तेव्हां ती तीन किलोमीटरांहून खोल गेली होती. वायनाडांत निराशा आणि कोलारांत समृद्धि, असें कां व्हावें? ह्याचें उत्तर मोहरांनीं मिळत नाहीं. तें खडकांच्या अभ्यासानेंच मिळतें.

हा अभ्यास हेंच फूटसाहेबांचें सुवर्णशास्त्रास दिलेलें खरें दान होय. म्हैसूरच्या सुवर्णभूमींतून आडवा प्रवास करून त्यांनीं १८८२ सालीं एक टिपण प्रसिद्ध केलें. डंबळास पाहिलेले हिरवट-काळसर खडक त्यांस कोलारांत भेटले, बल्लारीकडे भेटले, आणि निजामाच्या राज्यांत मस्कीकडेही भेटले. सर्वत्र त्यांचे लांबट, अरुंद पट्टे. दोहों बाजूंस पांढुरके ग्रॅनिटासारखे खडक. आणि सोनें बहुधा ह्या काळसर पट्ट्यांतच. वेगवेगळ्या ठिकाणचे हे तुकडे वस्तुतः एकाच प्राचीन खडकसमूहाचे अवशेष असून, ते भूमीच्या घड्यांत अडकून राहिल्यामुळें झिजून जाण्यापासून वांचले आहेत, असें त्यांनीं दाखविलें. १८८६ सालीं त्यांनीं ह्या समूहास धारवाड हें नांव दिलें, आणि १८८८ सालीं दक्षिण हिंदुस्थानांतील सोन्याचें मुख्य आगर म्हणजे हाच समूह, हें सविस्तर मांडलें. हे खडक अडीचशें कोटि वर्षांहूनही जुने आहेत, हें आज आपणांस ठाऊक आहे. वय काढण्याचीं साधनें त्यांच्याजवळ नव्हतीं, केवळ पाय, हातोडी आणि नजर होती. तेव्हांपासून सोनें शोधणाऱ्यास साऱ्या दक्षिण देशांत भटकण्याचें कारण उरलें नाहीं. नकाशावरील हे अरुंद पट्टे पाहावयाचे, त्यांत शिरा शोधावयाच्या, माती व दगडांचे नमुने तपासावयाचे, चर खणावयाचे, आणि शेवटीं खोल छिद्रें पाडून खात्री करावयाची. एक टन खडकांत चार-पांच ग्रॅम सोनें असलें तरी खाण चालूं शकते. म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूचा हा शोध आहे. शंभर जागा तपासाव्या तेव्हां एखादीच फळास येते, आणि उरलेल्यांविषयीं खरें तेंच लिहावें लागतें. गदगच्या बाजूस पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं कंपन्यांनीं खाणी उघडल्याच. त्या थोड्याच वर्षांत बंद पडल्या.

मस्कीचा उल्लेख वर आला. आपलें शहर आणि रायचूर जिल्हा १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यांत होते, म्हणून तिकडील सुवर्णभूमि आपणांस कांहीं परकी नव्हे. मस्कीच्याच पट्ट्याच्या शेजारीं हट्टी येथें प्राचीन लोकांनीं सुमारें ६४० फूट खोलीपर्यंत सोनें खणलें होतें. सुरुंगाची दारू नव्हती. लाकडें जाळून खडक तापवावयाचा, त्यावर पाणी ओतून तो तडकवावयाचा, आणि मग फोडावयाचा, अशी त्यांची रीत. हें काम सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें आहे. हट्टीची खाण पुढें अनेकदां बंद पडून पुन्हां उघडली, आणि ती अद्यापि चालू आहे. मस्की येथेंच १९१५ सालीं बीडन नांवाच्या सोन्याच्या खाणींवरील अभियंत्यास एका खडकावर प्राचीन लेख दिसला. देवांचा प्रिय असें स्वतःस म्हणविणाऱ्या राजाच्या लेखांत अशोक हें नांव प्रथम सांपडलें तें तेथें. सोन्याच्या शोधांत निघालेल्या माणसास सोन्याहून मोलाची वस्तु मिळते, ह्याचें हें उदाहरण होय.

१८९१ सालीं फूटसाहेब सरकारी नोकरींतून निवृत्त झाले. विश्रांति मात्र त्यांनीं घेतली नाहीं. बडोदें संस्थानाच्या भूगर्भाची पाहणी त्यांनीं केली. म्हैसूर संस्थानानें १८९४ सालीं भूगर्भखातें काढलें त्याचे ते पहिले प्रमुख झाले. उरलेला काळ ते सेलमजवळच्या येरकाडच्या डोंगरांत राहिले. चाळीस वर्षांत साडेचारशांहून अधिक स्थळीं जमविलेलीं दगडी हत्यारें, खापरें व मणी, ह्या सर्वांवर त्यांनीं कोठें व केव्हां सांपडलें ह्याची नोंद ठेविली होती. हा संग्रह १९०४ सालीं मद्रास सरकारानें चाळीस हजार रुपयांस घेऊन संग्रहालयांत ठेविला. २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्त्यास त्यांचें देहावसान झालें. येरकाडच्या होली ट्रिनिटी चर्चमध्यें त्यांचें स्मारक आहे. संग्रहावरील त्यांचा शेवटचा ग्रंथ १९१६ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

त्यांचीं सर्वच मतें टिकलीं असें नाहीं. जुन्या पाषाणयुगांतील लोक आणि नव्या पाषाणयुगांतील लोक ह्यांच्यामध्यें फार मोठा खंड पडला होता, असें ते समजत. पुढील संशोधकांनीं मधले दुवे शोधून काढले. परंतु दुसऱ्यांस तें दुरुस्त करतां आलें, ह्याचें कारणही फूटसाहेबांची नोंदच होय. ज्याची वही खरी, त्याचा तर्क चुकला तरी त्याचें काम वायां जात नाहीं.

पवित्र शास्त्रांतील ईयोबाच्या ग्रंथांत खाणी खणणाऱ्या मनुष्याचें मोठें विलक्षण वर्णन आलेलें आहे. मनुष्य डोंगर मुळापासून उलथतो, अंधारांतून मौल्यवान वस्तु उजेडांत आणतो, पण ज्ञान कोठें सांपडतें, असा प्रश्न तेथें केलेला आहे. आणि परमेश्वराचें भय व दुष्टतेपासून दूर राहणें ह्यांत त्याचें उत्तर दिलेलें आहे. फूटसाहेबांचें चरित्र वाचतांना आम्हांस ह्या अध्यायाची वारंवार आठवण होते. नाहीं तें आहे म्हणून न लिहिणें, हें दुष्टतेपासून दूर राहण्याचेंच एक रूप नव्हे काय? वायनाडच्या कंपन्यांचीं रंगीत पत्रकें कोठें गेलीं कोणास ठाऊक. डंबळचा तो रुक्ष अहवाल अभ्यासक अजून उघडतात.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं प्रत्येकास भूगर्भशास्त्रज्ञ व्हावयाचें नाहीं. परंतु प्रयोगाच्या वहींत आंकडा जुळत नसला कीं शेजाऱ्याचा आंकडा उतरून घ्यावा, हा मोह तुम्हां सर्वांस होतो. त्या क्षणीं कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत जालगारांशेजारीं बसून सोन्याचे कण तोलणारा हा मनुष्य आठवा. काटा जितकें दाखवील तितकेंच त्यानें लिहिलें. आणि सुटींत वेरूळच्या रस्त्यानें किंवा पैठणास गोदावरीच्या कांठीं गेलांत, तर पायांखालचा एखादा दगड उचलून नीट निरखून पाहा. त्यांत सोनें खचित नसेल; पण पाहण्याची संवय लागली, तर ती जन्मभर पुरेल.